नोंदवहीतील नाव : मध्यप्रांतातील स्त्रियांच्या हक्कांचा मागोवा

श्रींच्या कृपेने आणि समस्त महाजन कुटुंबांच्या सहकार्याने ही स्मरणिका आपल्या हाती येत आहे. अशा प्रसंगी देवालयाचा पूर्वेतिहास, उत्सवांची परंपरा आणि दानशूर पूर्वजांचे स्मरण करण्याचा प्रघात आहे, आणि तो सर्वथा योग्य आहे. परंतु आमच्या बोरगावसारख्या सौंसर-पांढुर्णा परिसरातील गावी देवालयाची दैनंदिन सेवा कोणाच्या हातून घडते, याचा विचार करू लागले म्हणजे मन थोडे अडखळते. पहाटेचे सडासंमार्जन, देवापुढची रांगोळी, नैवेद्याची सिद्धता, नवरात्रातील जागर, भजनी मंडळातील टाळांचा गजर, उत्सवाच्या पंक्तीसाठी निवडलेले धान्य, यांतील बहुतेक काम स्त्रियांच्या हातचे आहे. महाजनांची नोंदवही उघडली म्हणजे मात्र पिता, पुत्र, पौत्र असा क्रम लागतो. त्या वहीत आई नाही, मुलगी नाही, सून नाही. सेवा सर्वांची, नोंद मात्र पुरुषांची, असे कसे झाले आणि ज्या प्रदेशात आपण राहतो तेथील स्त्रियांनी आपले नाव नोंदविण्यासाठी काय काय सोसले, याचा थोडक्यात मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभ धर्मक्षेत्रापासूनच करणे उचित होईल. आपल्यापासून फार दूर नसलेल्या वऱ्हाडातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात महदाइसा ऊर्फ महदंबा होऊन गेली. ती मराठीतील आद्य कवयित्री. तिने रचलेले 'धवळे' आजही अभ्यासिले जातात. परंतु तिची थोरवी काव्यापुरती नाही. 'लीळाचरित्रा'त ती श्रीचक्रधरस्वामींना एकामागून एक प्रश्न विचारताना दिसते, आणि स्वामी तिच्या जिज्ञासेचे कौतुक करून उत्तरे देतात. स्वामींनी स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला आणि विटाळाची कल्पना अमान्य केली. पुढे वारकरी संप्रदायात मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, कान्होपात्रा, बहिणाबाई या संत स्त्रियांची मालिका उभी राहिली. म्हणजे देवापुढे स्त्रीने उभे राहावे की नाही, हा प्रश्न या भाषेच्या संतपरंपरेने सातशे वर्षांपूर्वीच सोडविला होता. तथापि भक्तीत मिळालेली समता व्यवहारात उतरली नाही. अभंगात नाव आले, परंतु वतनाच्या कागदात आले नाही.

वतनाच्या कागदात स्त्रीचे नाव आले म्हणजे काय घडू शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचे आहे. काशीविश्वेश्वर, सोमनाथ, गयेचे विष्णुपद अशी त्यांनी उभारलेली वा जीर्णोद्धार केलेली देवालये सर्वांस ठाऊक आहेत. त्यामागचा एक व्यवहार मात्र फारसा सांगितला जात नाही. १७३४ साली मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे स्वतंत्र खासगी जहागीर लावून देण्यात आली. ती दौलतीच्या उत्पन्नापासून वेगळी होती. गौतमाबाईंच्या पश्चात ती अहिल्याबाईंकडे आली आणि त्यांच्या धर्मकार्याचा आधार हे खासगीचे उत्पन्न होते. सासूच्या नावची जहागीर सुनेकडे आली, आणि त्या एका नोंदीतून भारतभर घाट, धर्मशाळा व मंदिरे उभी राहिली.

सत्तेचा अधिकार त्यांना सहज मिळाला, असेही नाही. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले, १७६६ साली सासरे मल्हारराव गेले आणि १७६७ साली पुत्र मालेराव निवर्तले. तेव्हा दिवाण गंगाधर यशवंत यांनी दत्तक घेऊन कारभार सोडावा असा आग्रह धरला आणि राघोबादादांना बोलावणे धाडले. अहिल्याबाईंनी तो सल्ला मानला नाही. त्यांनी पुण्यास माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली, शेजारच्या सरदारांशी संधान बांधले, आणि आपला अधिकार सोडण्यास नकार दिला. पेशव्यांनी त्यांचा हक्क मान्य केला आणि १७९५ पर्यंत त्यांनी महेश्वराहून राज्य चालविले. त्यांच्या धर्मशीलतेचे पोवाडे गाताना या नकाराचाही आदरपूर्वक उल्लेख व्हावयास हवा.

आता आपल्या स्वतःच्या राज्याकडे वळू. सौंसर, पांढुर्णा, छिंदवाडा हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. दुसरे रघूजी १८१६ साली वारले. त्यांच्या पत्नी बाकाबाई यांनी पुढची चार दशके या घराण्याचा आधार म्हणून काढली. १८१८ साली इंग्रजांनी आप्पासाहेबांना पदच्युत केले आणि गादीवर एका बालकास बसविले. हे बालक म्हणजे दुसऱ्या रघूजींच्या कन्येचा पुत्र, दत्तविधानाने झालेले तिसरे रघूजी. बालराजाची व राजवाड्याची देखरेख बाकाबाईंकडे आली, मुलकी कारभार रेसिडेंट जेंकिन्स पाहू लागले. भोसल्यांची गादी पुढे चालली ती मुलीच्या मुलाकडून, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. तिचा उपयोग पुढे होणार आहे.

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. विधवेने दत्तक घ्यावा, हा महाराष्ट्र देशातील जुना व सर्वमान्य प्रघात. रेसिडेंट मॅन्सेल यांनीही दत्तकास अनुकूल मत कळविले होते. परंतु लॉर्ड डलहौसी यांनी ते मानले नाही आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. राजवाड्यातील जडजवाहीर व जनावरे लिलावात निघाली. राण्यांनी निषेध केला, विनंत्या केल्या, वकील पाठविले, पण राज्य परत मिळाले नाही. १८५७ च्या धामधुमीत बाकाबाईंनी इंग्रजांशी सलोखा राखण्याचे धोरण ठेवले. त्याबद्दल इतिहासकारांनी त्यांना दोष दिला आहे, आणि तो झाकण्याचे कारण नाही. १८५८ साली त्या वारल्या. पुढे इंग्रज सरकारने दत्तकपुत्र जानोजी यांना राजाबहादूर ही पदवी व देऊरची जहागीर दिली, पण राज्य गेले ते गेलेच. झाशीच्या लक्ष्मीबाईंचा प्रश्न त्याच वर्षांतला आणि दत्तकाचाच होता. एकीने तलवार उचलली, दुसरीने अर्ज लिहिले. दोघींचे म्हणणे मात्र एकच होते, की दत्तविधान खरे धरावे.

राण्यांची ही कथा झाली, मग सामान्य घरातील स्त्रीचे काय? पांढुर्णा व सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीच्या पात्रात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते, हे आपल्या भागातील लहान मुलासही ठाऊक आहे. तिची आख्यायिका अशी सांगतात की, एका गावच्या तरुणाने दुसऱ्या गावच्या मुलीस नेले, नदी ओलांडताना दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव झाला आणि दोघेही मृत्युमुखी पडली. आख्यायिकेचा ऐतिहासिक खरेखोटेपणा बाजूस ठेवू. तिच्यात दोन गावांच्या मानाची गोष्ट आहे, झेंड्याची गोष्ट आहे. त्या मुलीचे नाव मात्र लोकांच्या तोंडी येत नाही, आणि तिची इच्छा काय होती, हेही कोणी विचारीत नाही. दोन काठ भांडतात आणि जिच्यासाठी भांडतात ती मध्ये असते. मागील शतकांतील सामान्य स्त्रीची स्थिती याहून वेगळी नव्हती.

ती इच्छा प्रथम शब्दांत मांडली ती बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी. १८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेस भ्रूणहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर टीकेची झोड उठली. ताराबाईंना तो अन्याय सहन झाला नाही. त्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध लिहिला आणि १८८२ साली तो पुण्यास छापून प्रसिद्ध केला. जो दोष स्त्रीचा म्हणून सांगितला जातो तोच पुरुषात असता त्यास शिक्षा का नाही, हा त्यांचा सरळ प्रश्न होता. महात्मा फुले यांनी त्यांची बाजू घेतली. समाजाने मात्र हे पुस्तक विस्मृतीत टाकले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले, तोपर्यंत ९३ वर्षे लोटली होती. वऱ्हाडच्या एका कन्येचे नाव पुन्हा नोंदले जाण्यास इतका काळ लागावा, ही खेदाची गोष्ट होय.

त्याच सुमारास मुंबईस रखमाबाईंचा खटला उभा राहिला. बालपणी लावून दिलेला विवाह तिने मान्य केला नाही. पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला, परंतु फेरविचार होऊन मार्च १८८७ मध्ये, नांदावयास जा अन्यथा सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ साली २,००० रुपये देऊन प्रकरण मिटले. त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी स्त्रियांची दीर्घकाळ सेवा केली. या खटल्याने उठलेल्या चर्चेचा परिणाम १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावर झाला.

नागपुरात हे वारे पोहोचले ते सेवेच्या रूपाने. तरुणपणीच वैधव्य आलेल्या कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या साह्याने १९२१ साली मातृसेवा संघाची स्थापना केली. विधवेने घराच्या कोपऱ्यात आयुष्य काढावे अशी रूढी असता एका विधवेने सहस्रावधी मातांची सुटका सुखरूप व्हावी म्हणून संस्था उभारली. त्यानंतरच्या वर्षी जाईबाई चौधरी यांनी नागपुरात संत चोखामेळ्याच्या नावे मुलींची शाळा काढली. ज्या मुलींना देवळाचीही पायरी बंद होती त्यांच्यासाठी ही शाळा होती, आणि ती काढणारी स्त्री स्वतः कधीकाळी हमाली करून पोट भरीत होती. महाजन कुटुंबांच्या स्मरणिकेत हा उल्लेख आवर्जून करावासा वाटतो. कारण स्त्रियांच्या समतेविषयी बोलताना देवळाबाहेर उभ्या ठेवलेल्या स्त्रीस विसरणे हे अर्धे सत्य सांगण्यासारखे होईल.

मताचा अधिकार आपल्या प्रांतास उशिरा लाभला. मद्रास व मुंबई इलाख्यांत तो १९२१ पर्यंत मिळाला होता, मध्यप्रांतात तो १९२७ साली आला. दुसऱ्याच वर्षी अनसूयाबाई काळे यांची मध्यप्रांताच्या विधिमंडळात नेमणूक झाली. १९३५ च्या कायद्यान्वये मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेतील ११२ जागांपैकी ३ स्त्रियांसाठी राखण्यात आल्या. १९३७ साली अनसूयाबाई त्या सभेच्या उपसभापती झाल्या. १९४२ च्या आष्टी-चिमूर प्रकरणी फाशीची शिक्षा झालेल्या देशभक्तांचे प्राण वाचावेत म्हणून त्यांनी केलेली खटपट या भागातील वृद्धांच्या तोंडून आपण ऐकली आहे. १९५२ व १९५७ साली नागपूरकरांनी त्यांना लोकसभेवर निवडून दिले. १९३५ च्या कायद्याखाली बहुसंख्य स्त्रियांना मताचा हक्क पतीच्या मालमत्तेवरूनच मिळत असे. मतदारांच्या यादीत स्त्रीचे नाव आले खरे, पण ते पतीच्या सातबाऱ्याचा हात धरून आले.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी परिषदेस मार्गदर्शन केले. सुमारे २५,००० स्त्रिया जमल्याचे सांगितले जाते. पत्नीस घटस्फोटाचा हक्क असावा, बहुपत्नीकत्व कायद्याने बंद व्हावे, गिरण्यांत व विडी कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांना रजा मिळावी, आणि विधिमंडळांत स्त्रियांना प्रतिनिधित्व मिळावे, असे ठराव त्यांनी संमत केले. यांपैकी एकपत्नीत्व व घटस्फोट यांचा कायदा १९५५ साली झाला. म्हणजे शहाण्यासुरत्या सभांतून जे तेरा वर्षांनी मान्य झाले, ते या कष्टकरी स्त्रियांनी आधीच मागितले होते.

आता कुटुंबाच्या मिळकतीचा प्रश्न. १८५६ च्या कायद्याने विधवेस पुनर्विवाहाची मोकळीक दिली, परंतु पुनर्विवाह केल्यास पहिल्या पतीच्या मिळकतीवरील तिचा हक्क गेला. १९३७ साली डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नाने हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला आणि विधवेस पुत्राइतका हिस्सा मिळाला. पण तो हयातीपुरता, आणि शेतजमिनीस तो कायदा लागू नाही असे फेडरल कोर्टाने १९४१ साली ठरविले. ज्या प्रदेशाचे सारे वैभव कपाशीत आणि संत्र्यांच्या बागांत, तेथे शेतजमीन वगळलेला कायदा कितीसा उपयोगी पडणार? १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याने स्त्री आपल्या मिळकतीची पूर्ण मालक झाली. तरीही वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी जन्मतः हिस्सेदार नव्हतीच.

येथे आपल्या सरहद्दीवरच्या गावांची एक विशेष हकीगत आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर आपल्यापासून तुटले. आपण भोपाळच्या राज्यात राहिलो, सोयरिकी मात्र पूर्ववत नागपूर, काटोल, सावनेरकडेच होत राहिल्या. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने अविवाहित मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सेदार केले. मध्यप्रदेशात तसा कायदा झाला नाही. परिणामी सावनेरच्या मुलीस जो हक्क मिळाला तो सौंसरच्या मुलीस मिळाला नाही. भाषा एक, कुलाचार एक, पण वाटणीच्या कागदात दोघींत भेद. हा भेद ९ सप्टेंबर २००५ रोजी केंद्रीय दुरुस्तीने मिटला, आणि शेतजमिनीबाबतचा जुना अपवादही निघाला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मानेच मिळतो, २००५ साली पिता हयात असणे आवश्यक नाही, असा निर्वाळा दिला.

गावकारभाराचीही कथा अशीच आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ साली मध्यप्रदेशात पंचायतींच्या निवडणुका झाल्या आणि एक तृतीयांश जागांवर स्त्रिया आल्या. पुढे राज्याने हे प्रमाण निम्म्यावर नेले. प्रारंभी सरपंचबाईंच्या खुर्चीवर पतिराज बसत, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पण खुर्ची जवळ असली म्हणजे कधी ना कधी तिच्यावर बसण्याचे धैर्य येते, हेही आपण पाहिले आहे. देवालयांच्या क्षेत्रातही बदल झाला. पुण्यास स्त्रिया पौरोहित्य शिकल्या व करू लागल्या, साकोरीस उपासनी कन्याकुमारी स्थानात गोदावरी मातांच्या मार्गदर्शनाखाली कन्यांनी वेदपठण व यज्ञ केले, आणि ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, शनिशिंगणापूरचा चौथरा स्त्रियांस खुला झाला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मुलगी विवाहानंतर परकुळात जाते, मग तिचे नाव महाजनांच्या वहीत कसे घ्यावे, असा आक्षेप निघेल. तो घेणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या हेतूविषयी शंका नाही. नोंद ही कुळाची आहे आणि ती विस्कळीत होऊ नये, अशी त्यांची काळजी असते. त्यांस विनम्र उत्तर असे की, भोसल्यांची गादी कन्येच्या पुत्राने चालविली तेव्हा कुळ विस्कळीत झाले नाही, होळकरांची खासगी सासूकडून सुनेकडे गेली तेव्हा धर्म बुडाला नाही, उलट काशीचे देऊळ उभे राहिले. देशाचा कायदा मुलीस जमिनीत जन्मतः हिस्सेदार मानतो. मग देवाच्या सेवेतच तिला परकी का मानावे? आणि परकुळातून येऊन ज्या सुनेने तीस-चाळीस वर्षे नैवेद्य रांधला, तिला आपली म्हणण्यासाठी आणखी कोणता पुरावा हवा?

महाजनांच्या पुढील सभेत या विषयास स्थान मिळावे, कन्या व स्नुषा यांची नावे वहीत घेण्याचा विचार व्हावा, व सभेत बोलण्याचा आणि मत देण्याचा अधिकार त्यांस मिळावा, अशी नम्र सूचना करून हा लेख पूर्ण करतो. हे कार्य एका दिवसात होणार नाही, याची जाणीव आहे. तोपर्यंत प्रत्येक कुटुंबाने एवढे तरी करावे. आपल्या घरातील आजी, पणजी, खापरपणजी यांची माहेरची व सासरची नावे वडीलधाऱ्यांस विचारून कागदावर उतरवून ठेवावीत. कित्येकांस पणजोबांचे नाव तोंडपाठ असेल आणि पणजीचे आठवणार नाही. ज्यांना ते आठवेल अशी माणसे आता घरोघरी एकदोनच उरली आहेत.